जुन्या छोट्या रिव्हॉल्व्हरसाठी काडतूस निवडताना : दाबाची मर्यादा कशी ओळखावी

काडतूस सिलिंडरच्या कप्प्यात सहज बसले, म्हणजे ते त्या रिव्हॉल्व्हरसाठी सुरक्षित आहे, असा समज मोठ्या प्रमाणावर आढळतो. हा समज धोकादायक आहे. मापाने आणि लांबीने सारखी असलेली दोन काडतुसे उडताना भिन्न दाब निर्माण करू शकतात. जुन्या शस्त्राचे पोलाद, त्याची झीज आणि मूळ रचना यांना हा फरक सोसवेलच, असे नाही. सिलिंडर फुटल्यास शस्त्र धरणाऱ्याचा हात आणि डोळे यांना गंभीर इजा होऊ शकते.

या प्रश्नाचे ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेतील स्मिथ अँड वेसन कंपनीचे 'चीफ्स स्पेशल' हे पाच गोळ्यांचे छोटे रिव्हॉल्व्हर. १९५० मध्ये ते प्रथम सादर झाले. कंपनीने १९५७ पासून आपल्या शस्त्रांना क्रमांक देण्यास प्रारंभ केला, तेव्हा ते 'मॉडेल ३६' म्हणून ओळखले जाऊ लागले. त्यात .३८ स्पेशल हे काडतूस वापरले जाते.

दाबाचे आकडे

दारू पेटल्यावर निर्माण होणारा वायू गोळीला पुढे ढकलतो. त्याच वेळी तो कप्प्याच्या भिंतींवर सर्व बाजूंनी दाब देतो. अमेरिकेत या दाबाची कमाल मर्यादा 'सामी' या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी उत्पादकांची संस्था ठरवते. ही संस्था १९२६ मध्ये स्थापन झाली.

सामीच्या मानकानुसार साध्या .३८ स्पेशल काडतुसाची मर्यादा १७,००० पाउंड प्रति चौरस इंच आहे. हा दाब हवेच्या सामान्य दाबाच्या सुमारे ११५० पट होतो. त्याच काडतुसाच्या '+पी' म्हणजेच वाढीव दाबाच्या प्रकारासाठी मर्यादा २०,००० पाउंड आहे. ही वाढ सुमारे १८ टक्के भरते. '+पी+' अशी खूण असलेल्या काडतुसांना मात्र सामीचे कोणतेही मानक नाही. त्यांचा दाब किती असावा, हे प्रत्येक उत्पादक स्वतः ठरवतो. त्यामुळे जुन्या छोट्या रिव्हॉल्व्हरमध्ये त्यांचा वापर पूर्णपणे टाळणेच योग्य.

लांबीची मदत येथे होत नाही

१९३५ मध्ये .३५७ मॅग्नम हे अधिक शक्तिशाली काडतूस बाजारात आले. त्याची मर्यादा ३५,००० पाउंड, म्हणजे साध्या .३८ स्पेशलच्या दुपटीहून अधिक आहे. ते .३८ स्पेशलच्या शस्त्रात चुकून भरले जाऊ नये, यासाठी त्याची पुंगळी सुमारे एक अष्टमांश इंच लांब ठेवण्यात आली. त्यामुळे ते जुन्या कप्प्यात पूर्ण बसत नाही.

'+पी' काडतुसाच्या बाबतीत असा अडथळा नाही. त्याची बाह्य मापे साध्या काडतुसासारखीच असतात. फरक दिसतो तो केवळ खोक्यावरील मजकुरात आणि पुंगळीच्या बुडावरील खुणेत. म्हणूनच सुट्या, खोक्याविना मिळालेल्या काडतुसांवर विश्वास ठेवू नये.

धातूचा प्रश्न

छोटे रिव्हॉल्व्हर बाळगण्यास हलके असावे म्हणून काही प्रकारांत पोलादाऐवजी ॲल्युमिनियमचा मिश्रधातू वापरण्यात आला. १९५० च्या दशकात अमेरिकी हवाई दलाने वैमानिकांसाठी अशी रिव्हॉल्व्हर घेतली. त्यांत चौकटीबरोबरच सिलिंडरही ॲल्युमिनियमचे होते. त्यांच्यासाठी कमी दाबाचे खास काडतूस तयार करावे लागले. तरीही ही सिलिंडर सुरक्षित ठरली नाहीत आणि बहुतेक शस्त्रे पुढे नष्ट करण्यात आली. त्याच काळात नागरिकांना विकल्या गेलेल्या आरंभीच्या हलक्या रिव्हॉल्व्हरपैकी काहींमध्येही ॲल्युमिनियमचे सिलिंडर होते. अशी शस्त्रे संग्रहात ठेवावीत, ती चालवू नयेत.

निवड कशी करावी

प्रथम नळीवरील अक्षरे वाचावीत. स्मिथ अँड वेसनच्या छोट्या रिव्हॉल्व्हरवर १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून '+पी' ही खूण आढळते. ती नसल्यास साधे काडतूस वापरणे हाच सुरक्षित मार्ग होय.

त्यानंतर मॉडेल क्रमांक पाहावा. शस्त्र रिकामे असल्याची खात्री करून सिलिंडर बाजूला काढल्यावर चौकटीच्या खाचेत तो दिसतो. कंपनीच्या सूचनापत्रात १९५८ पूर्वीच्या, क्रमांक नसलेल्या मध्यम आकाराच्या रिव्हॉल्व्हरमध्ये '+पी' काडतूस वापरू नये, असे बजावलेले आहे. मध्यम आकाराच्या शस्त्राबाबत ही दक्षता असेल, तर त्याच काळातील छोट्या शस्त्राबाबत ती निश्चितच पाळावी.

तिसरी पायरी तपासणीची. घोडा ओढल्यावर प्रत्येक कप्पा नळीच्या समोर अचूक येऊन थांबतो का, सिलिंडर पुढे-मागे हलते का, नळी बसवलेल्या जागी चौकटीला तडा आहे का, हे जाणकार शस्त्र-कारागिराकडून पाहून घ्यावे. दोष आढळल्यास कमी दाबाचे काडतूसही वापरू नये.

काडतूस उडवल्यावर रिकामी पुंगळी कप्प्यात घट्ट अडकणे, हे अतिदाबाचे लक्षण असू शकते. अशा वेळी शस्त्र चालवणे तत्काळ थांबवावे. हलक्या शस्त्राच्या जोरदार धक्क्याने उरलेल्या काडतुसांतील गोळ्या पुढे सरकून सिलिंडर अडकण्याचीही शक्यता असते.

नावांतील साम्य

.३८ स्मिथ अँड वेसन आणि .३८ स्पेशल ही दोन वेगळी काडतुसे आहेत. पहिले १८७७ चे असून त्याची पुंगळी आखूड, पण किंचित जाड आहे आणि त्याची मर्यादा १४,५०० पाउंड आहे. केवळ '.३८' या शब्दावर विसंबून काडतूस घेणे म्हणूनच चुकीचे ठरते.

भारतातील परवानाधारकांच्या दृष्टीने .३२ या मापाबाबत हाच मुद्दा महत्त्वाचा आहे. कानपूर येथे तयार होणाऱ्या .३२ रिव्हॉल्व्हरसाठी .३२ स्मिथ अँड वेसन लाँग हे काडतूस आहे. त्याची सामी मर्यादा १५,००० पाउंड आहे. .३२ पिस्तुलाच्या काडतुसाची मर्यादा मात्र २०,५०० पाउंड आहे. पिस्तुलाचे हे काडतूस काही रिव्हॉल्व्हरच्या कप्प्यात बसते आणि उडतेही. बोलीभाषेत दोन्ही '.३२' असल्याने खरेदीच्या वेळी शस्त्राचा प्रकार आणि काडतुसाचे पूर्ण नाव सांगणे आवश्यक आहे. शस्त्र कायदा १९५९ नुसार दारूगोळ्याच्या निर्मितीस परवाना लागतो. त्यामुळे घरी भरलेली किंवा अनोळखी व्यक्तीकडून आलेली काडतुसे कायद्याने आणि सुरक्षिततेच्या दृष्टीनेही त्याज्य आहेत.

वारशाने आलेल्या शस्त्राचा इतिहास सहसा ठाऊक नसतो. त्यातून पूर्वी कोणती आणि किती काडतुसे उडवली गेली, याची नोंद धातूवर डोळ्यांना दिसत नाही. म्हणून नळीवर लिहिलेले काडतूस, तेही साध्या दाबाचे, आणि वापरापूर्वी तपासणी हा नियम पाळणे हिताचे आहे. शंका कायम राहिल्यास ते शस्त्र न चालवणे, हाच योग्य निर्णय ठरतो.