दगडावरची नावे

श्रोतेहो, वेशीजवळ किंवा महादेवाच्या देवळापुढे आपण वीरगळ पाहिला असेल. खालच्या चौकटीत लढणारा वीर, मधल्या चौकटीत त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्याशी चंद्रसूर्य. वीर कोण, हे मात्र बहुतेक वीरगळ सांगत नाहीत. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने आपल्याकडच्या काही गावांत संगमरवरी पाट्या बसवल्या. गावातून किती गेले आणि किती कामी आले, एवढाच त्यांवर हिशेब. आकडा आला, नाव राहूनच गेले.

आता अमेरिकेतली हकिकत ऐका. व्हिएतनामच्या युद्धात पडलेल्यांसाठी वॉशिंग्टनला स्मारक बांधायचे ठरले. १९८१ च्या स्पर्धेत १,४२१ आराखडे आले. निवडला गेला माया लिन या २१ वर्षांच्या विद्यार्थिनीचा. त्यात ना घोडा, ना पुतळा. जमिनीत उतरत जाणाऱ्या दोन काळ्या भिंती आणि त्यांवर प्रत्येकाचे नाव, बस्स! आणि बरे का, त्या भिंतींचा ग्रॅनाइट गेला तो आपल्या बंगळूरकडचा.

पण ५७,००० हून अधिक नावे छिन्नीने कोरायची तर किती वर्षे लागावीत? येथे संगणक कामी आला. सरकारी नोंदींतली नावे त्यात भरली आणि तारखेच्या क्रमाने लावली. त्यामुळे एकाच दिवशी पडलेले सोबती भिंतीवरही जवळजवळ आले. मग त्या ओळी फिल्मवर उतरवल्या. घासून आरशासारख्या केलेल्या दगडावर लेप दिला. उजेड लागला तेथे तो घट्ट झाला. अक्षरांखालचा धुऊन निघाला. त्या उघड्या जागेवर बारीक, कठीण कणांचा जोरदार फवारा मारला, की अक्षर कोरले जाई. १३ नोव्हेंबर १९८२ रोजी स्मारक लोकांसाठी खुले झाले.

पुढे एक गोष्ट ध्यानात आली. नोंदींतल्या चुकांमुळे काही जिवंत परतलेल्या सैनिकांची नावेही भिंतीवर गेली होती! यंत्राचा यात काय दोष? त्याला जे दिले, ते त्याने इमानाने कोरले. पाटीवरचे पुसता येते, दगडावरचे कसे पुसणार?

आज आपल्याकडेही संगणकावर अक्षरे जुळवून दगडावर कोरून देणारे कारागीर आहेत. तेव्हा शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, गावात स्मारक करायचे झाले तर कोरण्याची चिंता करू नका, यादीची करा. कागदावरचे नाव आणि घरचे नाव पुष्कळदा वेगळे असते. वडिलांचे नाव गाळलेले असते, आडनाव दुसऱ्याच भावकीचे पडलेले असते. यादी घेऊन घरोघर जा. घरातल्या म्हाताऱ्या आईला, आजीला ती मोठ्याने वाचून दाखवा. तिने मान हलवली, की मगच कागद कारागिराच्या हाती द्या.