घरगुती मत्स्यटाकी, गोड्या पाण्याची

गोड्या पाण्यातले शोभिवंत मासे, पाणवनस्पती आणि उपयुक्त जीवाणू एकत्र सांभाळण्यासाठी घरात मांडलेली काचेची टाकी. नदी-तळ्यात माशांची विष्ठा भरपूर पाण्यात विरते आणि तळच्या गाळातले जीवाणू तिचे विघटन करतात. टाकीत पाणी मोजकेच असते. तिथे हे काम मुख्यतः फिल्टरमधल्या जीवाणूंवर येते. त्यामुळे मासे किती ठेवावेत आणि फिल्टर कोणता लावावा, हे दोन प्रश्न एकत्रच सोडवावे लागतात.

इतिहास : लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये गोल्डफिश, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि गोगलगायी यांचा काचपात्रातला सहवास शास्त्रीय निबंधातून मांडला. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय सुरू झाले. वॉरिंग्टन यांच्या त्याच नावाच्या मुलाने पुढे रॉथॅमस्टेड येथे जमिनीतील नायट्रीकरणाचा, म्हणजे अमोनियाचे नायट्रेट होण्याच्या क्रियेचा, अभ्यास केला आणि ही क्रिया दोन टप्प्यांत, वेगवेगळ्या जीवाणूंकडून होते असे दाखवले. हे जीवाणू वेगळे काढण्यात रशियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सेर्गेई विनोग्राद्स्की यांना १८९० च्या सुमारास यश आले. महाराष्ट्रात मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झाले.

नत्रचक्र : मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात. विष्ठा व उरलेले खाद्य कुजूनही तो तयार होतो. जीवाणूंचा एक गट अमोनियाचे नायट्राइट बनवतो आणि नायट्रोस्पायरासारखे दुसरे जीवाणू त्याचे नायट्रेट करतात. अमोनियामुळे कल्ले भाजतात. नायट्राइटमुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते आणि मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात. नायट्रेट त्या मानाने सौम्य असते. पाणवनस्पती ते शोषतात आणि बाकीचे पाणी बदलताना निघून जाते. अमोनियाचा विषारी अंश पाण्याच्या सामूवर, म्हणजे पीएचवर अवलंबून असतो. २५° से. तापमानात सामू ७ वरून ८ वर गेला की हा अंश सुमारे दहापट होतो.

नव्या टाकीत हे जीवाणू जवळजवळ नसतातच. त्यांची पुरेशी वाढ व्हायला साधारणपणे ४ ते ६ आठवडे लागतात. या काळात मासे न ठेवता अमोनियम क्लोराइड मोजून घालून अमोनियाचे प्रमाण लिटरला सुमारे २ मिलिग्रॅम करावे आणि टेस्ट किटने पाणी तपासत राहावे. एवढा अमोनिया २४ तासांत नाहीसा होऊन नायट्राइटही शून्यावर आले की टाकी तयार झाली असे समजावे. जुन्या, निरोगी टाकीतला वापरता स्पंज नव्या फिल्टरमध्ये ठेवल्यास हा काळ बराच कमी होतो. पाणी स्वच्छ दिसते म्हणून त्याच दिवशी मासे सोडणे, हे नवशिक्यांचे मासे दगावण्याचे मोठे कारण आहे.

टाकी व पाणी : पहिली टाकी किमान दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच असावी. तीत काठोकाठ सुमारे ५५ लिटर पाणी मावते. काच व वाळू धरून वजन ७०–८० किलोपर्यंत जाते. त्यामुळे बैठक सपाट व भक्कम हवी. गोल काचपात्र टाळावे. त्यात पाणी थोडे असते आणि फिल्टरला जागा नसते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन मासे व जीवाणू दोघांनाही घातक असते, म्हणून सोडियम थायोसल्फेटयुक्त अँटी-क्लोरीन घालावे. बोअरवेलचे जड पाणी गप्पी, मॉली, प्लॅटी यांना मानवते. क्षार काढून टाकलेले निव्वळ आरओचे पाणी वापरू नये. नाशिक-पुण्याच्या हिवाळ्यात उष्णप्रदेशीय माशांसाठी हीटर लागतो. लिटरला सुमारे १ वॉट हे प्रमाण पुरते.

फिल्टर : फिल्टर कचरा अडवतो, जीवाणूंना राहायला पृष्ठभाग देतो आणि गरज पडल्यास सक्रिय कोळशाने रंग, वास वा औषधाचा अंश शोषतो. यांपैकी जीवाणूंना थारा देणे हे सर्वांत मोलाचे काम आहे. एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर स्वस्त असतो आणि त्यात पिल्ले ओढली जात नाहीत; पहिल्या टाकीला तो उत्तम. काठाला अडकवायचा हँग-ऑन फिल्टर कचरा अधिक चांगला उचलतो. बाहेर ठेवायचा कॅनिस्टर मोठ्या टाक्यांसाठी योग्य. मोटरचा फिल्टर ताशी टाकीच्या ४ ते ६ पट पाणी फिरवणारा असावा. तो रात्रंदिवस चालू ठेवावा, कारण जीवाणूंना सतत प्राणवायू लागतो. वीज वारंवार जात असल्यास बॅटरीवरचा एअर पंप जवळ ठेवावा. स्पंज नळाखाली न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यात हलकेच पिळावा. सगळे फिल्टर-साहित्य एकाच वेळी बदलू नये.

माशांची निवड : माशांच्या लांबीवरून संख्या ठरवण्याचा ठोकताळा फसवा आहे; पूर्ण वाढीचा आकार, स्वभाव आणि मलद्रव्यांचे प्रमाण पाहावे. दोन फुटी टाकीत आधी सहा झेब्रा डॅनियो सोडावेत. हा भारतीय उपखंडातलाच काटक, थव्याने राहणारा मासा आहे. दोन आठवडे अमोनिया व नायट्राइट शून्य राहिले की तीन-चार प्लॅटी, त्यानंतर तेवढ्याच अवधीने बारीक वाळूवर वावरणारे सहा लहान कोरिडोरास घालता येतात. गप्पी ठेवल्यास एका नरामागे दोन-तीन माद्या असाव्यात; साधारण महिन्याला त्यांची पिल्ले होतात. फायटर नर एकटाच ठेवावा. गोल्डफिश व ऑस्कर या टाकीला फार मोठे होतात. शेवाळ खाईल म्हणून विकला जाणारा सकर मासा तर ३० सेंमी.पेक्षाही वाढतो. सह्याद्रीच्या दक्षिण भागातला डेनिसन बार्ब हा संकटग्रस्त मासा निसर्गातून पकडलेला असेल तर घेऊ नये.

निगा : दिवसातून एकदा-दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्यावे. दर आठवड्याला २०–२५ टक्के पाणी बदलावे. नायट्रेट लिटरला ४० मिलिग्रॅमखाली ठेवावे. दिवा ६ ते ८ तास पुरे. जास्त उजेडाने शेवाळ माजते. नवे मासे दोन ते चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवल्यास पांढऱ्या ठिपक्यांसारखे संसर्गजन्य रोग मुख्य टाकीत येत नाहीत.

परक्या माशांचा प्रश्न : नकोसे झालेले मासे नदी, तलाव वा विहिरीत सोडू नयेत. टाकीतून सुटलेले सकर मासे भारतातील अनेक जलाशयांत पसरले असून स्थानिक माशांच्या अन्नात व जागेत वाटेकरी झाले आहेत. हिवताप नियंत्रणासाठी सोडलेला गप्पीदेखील मूळचा दक्षिण अमेरिकेकडचा आहे. जास्तीचे मासे दुकानदाराला परत द्यावेत किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याकडे सोपवावेत. घेतलेल्या माशाची जबाबदारी तो जिवंत असेपर्यंत पाळणाऱ्याची असते. ती पेलेल एवढेच मासे घ्यावेत.