कुप्रसिद्ध : एका विशेषणाचा खानदेशी इतिहास

'नोटोरियस' या इंग्रजी विशेषणाला मराठी प्रतिशब्द शोधू लागलो की आम्हांला प्रथम जाणवते ती त्याची सोबत. क्रिमिनल, गँग, लायर ही नामे त्याच्या मागे जणू ठरलेलीच असतात. मराठीतही गुन्हेगार 'सराईत', चोर 'अट्टल', गुंड 'नामचीन' आणि दरोडेखोर 'कुख्यात' असतो. हिंदीत लेखकही 'नामचीन' असू शकतो. मराठीत त्या शब्दाच्या वाट्याला बहुधा गुंडच आला. वास्तविक 'नोटोरियस'च्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ 'ज्ञात' एवढाच आहे. 'इन्फेमस'चे कूळ अधिक कठोर. रोमन कायद्यात 'इन्फामिया' म्हणजे नागरिकाचे काही हक्क हिरावून घेणारी अवस्था. दुष्कीर्ती ही तेथे शिक्षाच होती.

या शब्दांचा खानदेशाशी संबंध काय? जळगावच्या पूर्वेस असलेल्या नशिराबादविषयी इंग्रजी गॅझेटियरांत जो थोडका मजकूर आहे, त्यात काचेच्या बांगड्यांबरोबर सातमाळ्याकडील भिल्लांच्या धाडींचा उल्लेख येतो. गावाने धाडी सोसल्या हे खरेच. त्या भयाला खोटे ठरविण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो धाड घालणाऱ्यांवरून अवघ्या जमातीला चिकटलेल्या विशेषणाचा. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला, तेव्हा भिल्ल त्यांच्या लेखी लुटारू होते. १८२५ मध्ये जेम्स औट्रमने त्यांचीच पलटण उभारली आणि तीच माणसे 'विश्वासू' ठरली. खाज्या नाईक आधी सेंधवा घाटात इंग्रजांच्या नोकरीत राखणदार होता. १८५७ मध्ये तो उठला आणि सरकारी दप्तरात दरोडेखोर झाला. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणी येथे त्याच्या भिल्लांची इंग्रज फौजेशी लढाई झाली. आज खानदेश त्याला क्रांतिवीर म्हणतो. माणूस एकच; विशेषणे मात्र ती देणाऱ्याच्या सोयीने बदलली.

विशेषणाचा कायदा झाला तो १८७१ मध्ये. त्या वर्षीच्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातीला गुन्ह्याची 'सवय' असल्याचे जाहीर करण्याची सोय केली. १९११ च्या कायद्याने त्याची कक्षा मुंबई इलाख्यापर्यंत आली. मूल जन्मायच्या आधीच त्याचे विशेषण तयार असे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर संपला आणि त्या जमाती 'विमुक्त' म्हणविल्या जाऊ लागल्या. लक्ष्मण गायकवाडांनी १९८७ मध्ये आपल्या आत्मकथनाला 'उचल्या' हेच नाव दिले, तेव्हा लादलेला शब्द प्रथमच त्याच्या धन्याच्या हाती आला असे आम्हांस वाटते.

तरी एक गोष्ट उरतेच. १८९८ च्या आणि पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागताना एखादा इसम सराईत गुन्हेगार आहे हे त्याच्या 'सर्वसाधारण लौकिका'वरूनही सिद्ध करता येई. लोक म्हणतात, एवढा पुरावा पुरे. म्हणून वर्गात 'नोटोरियस'चा अर्थ सांगताना 'कुप्रसिद्ध' एवढे लिहून आम्ही थांबत नाही. ही प्रसिद्धी कोणी दिली, हेही विद्यार्थ्यांना विचारतो.