श्वसनमार्ग-स्वच्छता व व्यायाम (सिस्टिक फायब्रोसिसमधील)

सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक विकारात फुप्फुसांत साचणारा चिकट कफ सुटा करून बाहेर काढण्याचे भौतिकोपचार. सीएफटीआर जनुकातील (शोध १९८९) दोषामुळे श्वासनलिकांच्या अस्तरावरील पातळ द्रवथर आटतो, कफ घट्ट होतो आणि त्यात स्यूडोमोनाससारखे जिवाणू ठाण मांडतात. त्यामुळे हा उपचार बरे वाटत असतानाही रोज करावा लागतो.

जुनी रीत : मुलाला डोके उतरते ठेवून निजवायचे आणि खोलगट तळव्याने छाती-पाठ थापटायची. तान्ह्या मुलांत या स्थितीमुळे जठरातील द्रव अन्ननलिकेत उलटतो, असे मेलबर्नमधील ब्रेंडा बटन यांच्या अभ्यासात (१९९७) आढळले. त्यानंतर उतरती स्थिती मागे पडत गेली.

सक्रिय श्वसनचक्र : लंडनच्या ब्रॉम्प्टन रुग्णालयातील जेनिफर प्रायर व बार्बरा वेबर यांच्या कामातून (१९७९ पासून) ही पद्धत आकाराला आली. आधी खांदे सैल सोडून शांत श्वास. मग तीन-चार खोल श्वास, प्रत्येक क्षणभर रोखून. पुन्हा शांत श्वास. शेवटी एक-दोन ‘हफ’. चष्मा पुसण्यापूर्वी काचेवर वाफ सोडतो तसा, घसा उघडा ठेवून टाकलेला जोरकस उच्छ्वास म्हणजे हफ. मध्यम श्वास घेऊन केलेला लांब हफ खोलवरच्या नलिकांतला कफ वर सरकवतो, तर भरपूर श्वास घेऊन केलेला आखूड हफ वर आलेला कफ बाहेर काढतो. हा फरक रुग्णाला समजावून, समोर करवून घेतलाच पाहिजे; एरवी माणूस नुसता खोकून दमतो. या पद्धतीने रुग्ण मोठेपणी दुसऱ्याच्या हातांवर अवलंबून राहत नाही, हे तिचे सर्वांत मोठे मोल.

अन्य साधने : पीईपी मुखवटा (यातून रोधाविरुद्ध उच्छ्वास टाकायचा), फुंकताना आतली पोलादी गोळी थरथरणारे फ्लटर हे उपकरण, छातीला कंपन देणारे जाकीट. कॅनडातील एका चाचणीत (२०१३) जाकीट वापरणाऱ्यांपेक्षा पीईपी वापरणाऱ्यांचा आजार कमी वेळा बळावला.

व्यायाम : पॅट्रिशिया निक्सन व सहकाऱ्यांच्या अभ्यासात (१९९२) १०९ रुग्णांची व्यायामक्षमता मोजली गेली. सर्वाधिक क्षमतेच्या गटातील ८३ टक्के, तर सर्वांत कमी क्षमतेच्या गटातील २८ टक्के रुग्ण आठ वर्षांनंतर हयात होते. मात्र क्षमतेमुळे आयुष्य वाढले की सौम्य आजारामुळे क्षमता टिकली, हे यावरून ठरत नाही. व्यायामात एक काळजी घ्यावी : या आजारात घामातून मीठ फार जाते. उन्हात खेळताना पाण्याबरोबर मीठही द्यावे.

भारत : निदान बहुधा उशिरा होते, त्यामुळे हे उपचारही उशिरा सुरू होतात.