चिलीम, आपटा आणि आगकाडी : शहापूर-मुरबाडच्या धुराचा इतिहास

१/ नाणेघाटाखालच्या वैशाखऱ्यापासून माहुलीच्या पायथ्यापर्यंतचा मुलूख भाताचा आणि सागाचा. तंबाखू हे येथील मुख्य पीक कधीच नव्हते. तरीही चिलीम आणि विडी येथील ठाकूर, कातकरी, कोळी, कुणबी यांच्या विसाव्याचा भाग झाली. या लहानशा सवयीमागे बंदर, जंगल आणि कायदा यांचा चार शतकांचा इतिहास आहे.

२/ तंबाखू मूळची अमेरिकेतील. पोर्तुगीजांनी ती पश्चिम किनाऱ्यावर आणली. तिचे नावही त्यांच्याच ‘ताबाको’शी नाते सांगते. १६०४च्या सुमारास असद बेग या मोगल वकिलाने विजापुराहून तंबाखू आणि रत्नजडित हुक्का अकबरापुढे नेला. हकिमाने विरोध केला. १६१७ मध्ये जहांगीराने बंदीचे फर्मान काढले. फर्मान कागदावर राहिले. धूर खेड्यापाड्यांत पोहोचला.

३/ हुक्का दरबाराचा, गुडगुडी वाड्याची, चिलीम मात्र रानातल्या माणसाची. कुंभाराच्या आव्यात भाजलेली मातीची नळी, आत तंबाखू अडवणारा खडा, खाली ओल्या फडक्याची छापी आणि वर निखारा. खर्च जवळजवळ शून्य.

४/ चिलीम हातोहात फिरते. पण ती कोणाच्या हातात द्यायची, याचे नियम जातीने ठरवलेले असत. ‘हुक्कापाणी बंद’ म्हणजे बहिष्कार, हा अर्थ याच व्यवहारातून आला. सामायिक धूर जवळीक दाखवी, तसाच भेदही.

५/ रानात निखारा मिळेलच असे नाही. म्हणून कमरेच्या चंचीत चकमक, गारगोटी आणि ठिणगी धरणारा कापूस असे. सावरीच्या बोंडातला कापूस त्यासाठी उपयोगी पडे. चिलीम फुटली, तर पान होतेच. आपट्याच्या किंवा टेंभुर्णीच्या पानात तंबाखू गुंडाळली की विडी तयार. दसऱ्याला जे पान सोने म्हणून वाटले जाते, तेच एरवी विडीचे वेष्टण होई. तंबाखू बाजारातून विकत घ्यावी लागे. पान जंगल फुकट देई.

६/ हे ‘फुकट’ टिकले नाही. १८७८च्या वन कायद्याने राखीव जंगलांची व्यवस्था कडक झाली. राबासाठी फांद्या तोडणे, लाकूडफाटा व पाने गोळा करणे, अशा पिढीजात वहिवाटी आता सरकारच्या सवलती ठरल्या. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. वादाच्या केंद्रस्थानी राब होता. पण प्रश्न एकच होता : झाडाचे पान कोणाचे?

७/ दरम्यान १८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वे सुरू झाली. शहापूरच्या खर्डी-कसाऱ्याला रूळ मिळाले, मुरबाड मात्र रेल्वेविना राहिले. घाटापलीकडचे सिन्नर पुढे विडीसाठी प्रसिद्ध झाले. १९२३ मध्ये ‘विमको’ कंपनी स्थापन झाली आणि तिचा आगकाड्यांचा कारखाना अंबरनाथला उभा राहिला. आगकाडीसाठी सावरीचे हलके लाकूड वापरले जाई. ज्या झाडाचा कापूस चकमकीची ठिणगी धरी, त्याचेच लाकूड चकमकीला निरुपयोगी करण्याच्या कामी आले.

८/ आगकाडी आणि तयार विडी यांनी चिलमीचा जमाना संपवत आणला. निखारा नको, कुंभार नको, सोबतीही नको. विसावा एकट्याचा झाला आणि करपात्रही : १९३४ मध्ये आगकाड्यांवर, १९४३ मध्ये तंबाखूवर अबकारी कर बसला.

९/ पानाचा प्रश्न मात्र मिटला नाही. १९६९ मध्ये महाराष्ट्राने कायदा करून तेंदूपानांच्या व्यापारावर सरकारी नियंत्रण आणले. १९९६च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेकडे सोपवली; शहापूर तालुका आणि मुरबाडची काही गावे या क्षेत्रात येतात. २००६च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजांच्या व्याख्येत तेंदूपानाचे नाव स्पष्टपणे घातले.

१०/ धूर फुप्फुसाला घातकच. त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु मातीची चिलीम फुटते, पानाची विडी जळून जाते, आणि वापरणाऱ्यांचा इतिहासही त्यांच्याबरोबर राख होतो. उरतात ती फर्माने, कर आणि कायदे. शहापूर-मुरबाडचा इतिहास वाचताना या कागदांमागे विसाव्याला बसलेला, चंची सोडणारा माणूस दिसला पाहिजे. त्याची तंबाखू परकी होती. पान मात्र त्याचे स्वतःचे होते, आणि ते तसे आहे हे कायद्याने मान्य करायला शंभराहून अधिक वर्षे घेतली.