पायऱ्या उतरून शफलूदीला

पालेर्मोहून सुटलेली गाडी तासाभरात चेफालूला पोचते. समुद्र बहुतेक वेळ डाव्या हाताला असतो. स्टेशनाबाहेर पाऊल टाकलंत की समोर तो खडक उभा, आणि तुमच्या तोंडून आपसूक निघतं, "अरे, हा तर गड!" सरळसोट कडे, वर पसरट माथा, पायथ्याशी चिकटून बसलेलं गाव. गावकरी त्याला नुसतं 'रोक्का' म्हणतात, म्हणजे खडक. उंची सुमारे २७० मीटर. सह्याद्रीत रविवार घालवणाऱ्याला हा आकडा ऐकून हसू येईल. पण इथे चढ समुद्राच्या काठापासूनच सुरू होतो आणि महिना जुलैचा आहे. त्यामुळे मुकाट्याने दोन बाटल्या पाणी घ्या आणि ऊन चढायच्या आत निघा.

वाटेचं नाव आहे सालिता सारासेनी, म्हणजे सरासेनांची चढण. सरासेन म्हणजे जुन्या युरोपी तोंडातले अरब. हे नाव ध्यानात असू द्या, संध्याकाळी लागेल. तिकिटाच्या खिडकीनंतर पायऱ्या, मग तटाचा दात्यादात्यांचा कठडा, मग झाडोरा आणि फड्या निवडुंगाचे ताटवे. मराठी डोळा गडावर गेला की आधी टाकं शोधतो, आणि तो इथेही चुकत नाही. पावसाचं पाणी साठवायचे हौद खडकात जागोजाग आहेत. ज्याला 'डायनाचं देऊळ' म्हणतात त्या प्रचंड दगडांच्या वास्तूच्या पोटातही पाण्याचं एक टाकंच आहे. ते इसवी सनापूर्वी नवव्या शतकाच्या सुमाराचं मानतात. देवीचं नाव फार नंतर चिकटलेलं दिसतं. लोक इथे पहिल्यांदा आले ते पाण्यासाठी.

माथ्यावर पडक्या किल्ल्याच्या जोत्यावर उभे राहा. खाली लाल कौलांचा पसारा, त्यातून वर आलेले कॅथेड्रलचे दोन जाड मनोरे, पश्चिमेला वाळूची लांब कोर आणि तिच्यावर छत्र्यांच्या रांगा. हवा स्वच्छ असली तर ईशान्येला इओलियन बेटं दिसतात, आज धुकट आहेत. शेजारचं जोडपं फोन उंच धरून हसतं आहे. तुम्हीही फोटो काढता. इथून सगळंच दिसतं. मुद्दा तोच आहे, पण तो तुमच्या लक्षात यायला अजून आठ तास आहेत.

दुपार पाण्यात. किनारा गावाच्या पश्चिमेला, उथळ आणि मऊ, पोराबाळांचा. गर्दीचा कंटाळा असेल तर खडकाच्या पलीकडे काल्दुराच्या बाजूला जा. तिथे कयाक भाड्याने मिळतात, आणि चष्मा लावून तोंड पाण्यात घातलं की खडकांना चिकटलेलं सगळं जग दिसतं. मग जेवण. वांगी, टोमॅटो, वर किसलेलं चीज, खाली पास्ता आणि बाजूला लिंबाची फोड. ताटाकडे नीट बघून ठेवा.

आता तिसऱ्या प्रहरी व्हिया व्हित्तोरियो एमानुएलेवर एका जुन्या वाड्याखाली शिरा. दगडी पायऱ्या खाली उतरतात. हा दगड शंखशिंपल्यांच्या जीवाश्मांनी भरलेला आहे, जणू समुद्राचा तळच कापून पायऱ्या केल्या. खाली कमानी, दगडी डोण्या, आणि लोखंडी नळांच्या रांगेतून, बऱ्याचशा सिंहमुखांतून, सतत पडणारं पाणी. हा गावाचा धुण्याचा घाट. त्याची आजची बांधणी सोळाव्या शतकातली, पाणी मात्र चेफालिनो नावाच्या भूमिगत ओढ्याचं. कपडे आपटून आपटून डोण्यांच्या कडा गुळगुळीत झाल्या आहेत. तुम्ही वाकता, ओंजळ धरता. जुलैतही बोटं बधिर करणारं पाणी. तोंडावर मारता, डोळे मिटता.

उघडता तेव्हा सिंह नाहीत, कमानी नाहीत. पाणी तेच, फक्त जास्त मोकळं. वर येता तर अंगावर काटा येतो, कारण उन्हाळा संपला आहे. सन ११८४, महिना डिसेंबर. कोणीतरी तुमच्या उघड्या पोटऱ्यांकडे बघून जोरात हसतं आणि अंगावर एक जाडाभरडा लोकरी डगला फेकतं. आभार कुठल्या भाषेत मानायचे हे ठरवायला वेळ लागतो, कारण गल्लीत अरबी, ग्रीक आणि लॅटिनची पोरं, तिन्ही ऐकू येतात.

गावाचं नावही बदललं आहे. अरबी जिभेवर ते शफलूदी होतं. खडकाकडे बघा, उतारावर फड्या निवडुंग नाही. तो अमेरिकेतून यायला अजून तीनशे वर्षं आहेत. टोमॅटोही नाही. तुमच्या पोटातला दुपारचा टोमॅटो मात्र बिनपरवाना तुमच्याबरोबर आला आहे. वांगं राहिलं, लिंबू राहिलं, कारण ती अरबांनी आधीच आणून लावली होती. पास्ताही राहिला! इथून पश्चिमेला त्राबिया गावात वाळवलेल्या शेवया एवढ्या बनतात की जहाजं भरभरून बाहेर जातात, असं अल् इद्रिसीने तीस वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे. बाजारात एक जण आंबट संत्री विकतो आहे, नारंज. शेजारी पालेर्मोकडची साखर, सुक्कर. तुम्ही दोन्ही शब्द तोंडात घोळवता आणि खाली नारंग आणि शर्करा लागतात. तुमच्या आधी घरचे शब्द इथे पोचलेले आहेत.

या इद्रिसीपाशी जरा थांबायला हवं. सिसिलीचा नॉर्मन राजा रॉजर दुसरा याच्या दरबारात बसून या मुसलमान विद्वानाने जगाचा भूगोल लिहिला, ११५४ मध्ये पुरा केला. त्यात या गावातलं गोड, थंड पाणी आहे, गिरण्या आणि हमामखाने आहेत. आणि त्याच ग्रंथात, बरीच पानं सोडून, ठाणं आहे. खाडीवरचं देखणं गाव, जहाजांचा तळ, आसपासच्या डोंगरांत बांबू आणि वंशलोचन. तो स्वतः ठाण्याला गेला नव्हता, ऐकीव माहितीवर लिहिलं. तरी चेफालूच्या झऱ्यासमोर उभं राहून हे आठवलं की डगल्यातही ऊब वाटते.

वाळूवर ओढलेल्या होड्यांपाशी एक माणूस बसला आहे. चाळिशीला टेकलेला, कपडे चांगले पण मिठाने कडक झालेले. हा इब्न जुबैर, ग्रॅनडाच्या सुभेदाराचा चिटणीस. हजला जाऊन परत निघाला. आक्रे बंदरातून जेनोव्हावाल्यांच्या जहाजात बसला आणि सिसिलीतल्याच मेस्सिना बंदराच्या तोंडाशी जहाज फुटलं. किनाऱ्यावर न्यायला नावाडी भाडं मागत होते. ज्या गरीब मुसलमानांकडे ते नव्हतं त्यांचं विल्यम राजाने, म्हणजे रॉजरच्या नातवाने, स्वतः भरलं. ख्रिस्ती राजा, आणि दरबारात अरबी जाणणारे सेवक! इब्न जुबैरला हे सांगताना कौतुकही वाटतं आणि अवघडही. मेस्सिनाहून छोट्या होडीने तो किनाऱ्याकिनाऱ्याने पालेर्मोला चालला आहे. दुपारी इथे टेकला.

रमजान चालू आहे. सूर्य मावळला की गावातल्या मुसलमान वस्तीतून भाकरीचा वास येतो. तो वही काढतो. गावाभोवतीचे द्राक्षमळे, नीटनेटका बाजार, सगळं टिपतो. मग वर बघतो आणि बराच वेळ बघतच राहतो. याहून बळकट किल्ला मी पाहिला नाही, अशा अर्थाचं काहीतरी लिहितो. पुढचं लिहिताना त्याचा हात जरा थांबतो: हा किल्ला सदैव सज्ज ठेवला आहे, मुसलमानांचं आरमार अवचित आलं तर म्हणून.

तुम्ही त्याला सांगता, सकाळी मी वर होतो. तो तुमच्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघतो. वर? तिथे जाऊ देतात?

नाही देत. सालिता सारासेनीच्या जागी आता पहारा आहे, आणि सरासेन म्हणजे समोर बसलेला हा सभ्य गृहस्थ. सकाळी ज्या जोत्यावरून तुम्ही छत्र्या मोजल्या तिथून याच घटकेला कोणीतरी शिडं मोजतं आहे. किनारा, बेटं, क्षितिज, सगळं तेच. बघण्याचं कारण तेवढं वेगळं.

तो नमाजाला उठतो तेव्हा तुम्ही कॅथेड्रलकडे वळता. वादळातून वाचलो तर पहिल्या किनाऱ्यावर देऊळ बांधीन, असा नवस रॉजरने केला आणि इथे उतरला, अशी दंतकथा. बांधकाम ११३१ ला सुरू झालं, हे मात्र नक्की. मनोऱ्यांमधली आज दिसणारी दर्शनी भिंत अजून नाही, ती १२४० ची. आत अंधार. मेणबत्तीच्या उजेडात सोनेरी मोझेकमधला भला मोठा ख्रिस्त वरच्या अर्धघुमटातून खाली बघतो आहे. बायझँटाईन कारागिरांचं काम, ११४८ चं, म्हणजे उण्यापुऱ्या छत्तीस वर्षांचं. सोनं अजून काजळलेलं नाही. हातातल्या उघड्या पोथीचं एक पान ग्रीक, एक लॅटिन. आणि बाजूला, तुमच्या काळात जिथे काहीच नसतं, तिथे जांभळ्या पॉर्फिरी दगडाच्या दोन शवपेट्या. रॉजरने ११४५ मध्ये खास इथे आणून ठेवलेल्या. दोन्ही रिकाम्या. त्याला इथेच पुरून घ्यायचं होतं. पण तो पालेर्मोत वारला आणि तिथेच पुरला गेला. गाव तीस वर्षं पेट्या पुसत राजाची वाट बघतं आहे. १२१५ मध्ये पुढचा एक राजा, दुसरा फ्रेडरिक, दोन्ही पेट्या पालेर्मोला उचलून नेईल, हे तुम्हाला माहीत आहे. सांगता? मेणबत्ती धरलेला म्हातारा इतक्या ममतेने त्या दगडावरून फडकं फिरवतो की तुम्ही गप्प राहता.

मध्यरात्री होडी सुटते. रमजानचा मध्य जवळ आलेला, चंद्र भरत आलेला. इब्न जुबैर डोक्यावर कापड ओढून मागच्या बाजूला बसतो. पालेर्मोपर्यंत वारा साथ देईल असं नावाडी म्हणतो. देणार नाही, वाटेतल्या तेर्मिनी गावापाशी वारा पश्चिमेचा होईल आणि यांना पालेर्मो पायी गाठावं लागेल. हेही तुम्ही सांगत नाही. घोट्यापर्यंत पाण्यात उभे राहून हात तेवढा हलवता.

वर किल्ल्याच्या काठावर एक मशाल होडीबरोबर सरकत जाते. होडी टोकाआड गेली की ती थांबते, मग हळूहळू उलटी फिरते आणि बरोबर तुमच्या वर येऊन स्थिर होते.