तळटीप : ‘बिल्डर’
३. बिल्डर : मराठी वाचकाला आधी फ्लॅट आणि रखडलेला ताबा आठवेल, हा तो नव्हे. नाव १९९४ च्या ‘डिझाइन पॅटर्न्स’ या चौघांच्या पुस्तकातले, पण इथे अभिप्रेत असलेले रूप जोशुआ ब्लॉक यांच्या ‘इफेक्टिव्ह जावा’च्या दुसऱ्या आवृत्तीशी (२००८) अधिक जुळते. रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत फंक्शनला ऐच्छिक आर्ग्युमेंट देता येत नाही, एकाच नावाची दोन फंक्शन्सही चालत नाहीत. मग दहा पर्यायांची वस्तू टप्प्याटप्प्याने भरत न्यायची. प्रमाण लायब्ररीतच याच्या दोन तऱ्हा आहेत आणि लेखकाने वर त्यांची गल्लत केली आहे. ‘थ्रेड’चा बिल्डर दर पायरीला स्वतःची मालकी सोपवतो, नाव आणि स्टॅकचा आकार सांगून ‘स्पॉन’ म्हटले, की तो संपला. ‘कमांड’ मात्र उसनवारीवर चालते. तिची ‘आर्ग’सारखी प्रत्येक पायरी बदलता येणारा संदर्भ परत करते, म्हणून तीच कमांड पुन्हा चालवता येते. यात एक खोच आहे. ‘लेट’च्या एकाच ओळीत ‘न्यू’ आणि त्याला लागून ‘आर्ग’ लिहिले, आणि ‘स्पॉन’ खालच्या ओळीत नेले, तर कंपायलर अडवतो. कमांड तात्पुरती होती, अर्धविरामापाशीच ती नष्ट झाली, आणि हातात उरला तिचा नुसता संदर्भ. ‘न्यू’मधून आलेली कमांड आधी ‘लेट म्यूट’ने व्हेरिएबलमध्ये ठेवावी, बाकीचे पुढच्या ओळीत. — संपा.